त्सो मोरीरी सरोवर: जाण्याआधी विचारले जाणारे (आणि विचारायला हवेत असे) प्रश्न

लडाखच्या सहलीची आखणी करणारी मंडळी त्सो मोरीरीबद्दल बरेचदा तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. काही प्रश्न कुणी विचारत नाही. ते मीच घातले आहेत, कारण माझ्या मते हॉटेल आणि गाडीभाड्यापेक्षा ते महत्त्वाचे आहेत.

त्सो मोरीरी नेमकं कुठे आहे?

लडाखच्या आग्नेय भागात, चांगथांग पठारावरच्या रुपशू प्रदेशात. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 4,500 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळपास पावणेतीनपट. लांबी साधारण 26 किलोमीटर, क्षेत्रफळ 120 चौरस किलोमीटरच्या आसपास आणि सर्वांत खोल ठिकाणी पाणी 100 मीटरहून खोल. पश्चिमेला मेंटोक कांगरीची रांग, पूर्वेला चामसेर कांगरी आणि लुंगसेर कांगरी ही साडेसहा हजार मीटरपेक्षा उंच शिखरं. लेहहून सिंधूच्या काठाकाठाने उपशी, चुमाथांग असं करत माहेच्या पुलावर नदी ओलांडायची आणि मग सुमदो, क्यागर त्सोवरून कोरझोक गावात पोचायचं. गाडीने जवळजवळ अख्खा दिवस जातो.

पाण्याचा रंग खरंच फोटोतल्यासारखा असतो का?

असतो, पण एकच रंग नसतो. सकाळी वारा पडलेला असताना पाणी गडद निळं आणि इतकं स्थिर असतं की समोरचा डोंगर बर्फासकट उलटा दिसतो. दुपारी वारा सुटला की त्याच पाण्यावर हिरवट पट्टे येतात, लाटा उठतात, आणि ढग सरकला की मधलाच एखादा भाग शाईसारखा होतो. पाणी खोल आहे, स्वच्छ आहे, त्यात शेवाळ आणि गाळ कमी आहे. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पाणी शोषून घेतं आणि निळा परत फेकतं. हवा विरळ आणि कोरडी असल्यामुळे मध्ये धूसरपणाही नसतो. काठाशी पाणी उथळ आणि तळ फिकट, म्हणून तिथे हिरवी कडा दिसते.

जानेवारी ते मार्च या काळात सरोवर गोठतं. तेव्हा तिथे आपल्यासारख्यांचं काम नाही.

पाणी खारं का आहे? एवढे ओढे तर गोड्या पाण्याचे आहेत.

हा प्रश्न नीट समजून घेतला तर पुढची सगळी उत्तरं सोपी होतात.

त्सो मोरीरीत पाणी येतं ते डोंगरावरच्या बर्फाचं आणि झऱ्यांचं. बाहेर मात्र काहीच जात नाही. पूर्वी दक्षिणेकडून पाणी वाहून जायला वाट होती. ती बंद झाली आणि सरोवर कोंडलं गेलं. आता पाणी कमी व्हायचा मार्ग एकच, उन्हावाऱ्याने वाफ होणं. वाफ होताना पाणी जातं, त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. वर्षानुवर्षं हे चालत आलं आणि पाणी मचूळ झालं. जवळचं त्सो कार हे सरोवर याच वाटेवर फार पुढे गेलेलं आहे. तिथे काठावर मिठाचा पांढरा थर दिसतो, आणि चांगपा लोक, म्हणजे इथले फिरते पशुपालक, पिढ्यान् पिढ्या ते मीठ गोळा करून मेंढ्यांच्या पाठीवर लादून विकायला नेत.

आता हाच नियम साबणाच्या पाण्याला, डिझेलच्या तवंगाला, तंबूमागच्या शोषखड्ड्यातून झिरपणाऱ्या मैल्याला लावून बघा. नदीत घाण टाकली तर पूर तरी ती वाहून नेतो (तेही बरं नाहीच). त्सो मोरीरीला पूर येऊन धुवून निघण्याची सोयच नाही. जे आत गेलं ते आतच.

पँगाँगला जावं की इथे?

दोन्हींची तुलना मला फारशी पटत नाही. पँगाँग कितीतरी लांब आहे, सुमारे 134 किलोमीटर, आणि त्याचा साधारण एक तृतीयांश भाग आपल्याकडे आहे. 2009 साली एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाचा शेवट तिथे चित्रित झाला आणि काठावर तंबू, खाणावळी आणि फोटोसाठी ठेवलेल्या स्कूटरांची रांग लागली. त्सो मोरीरी त्या मानाने शांत आहे. पण 'तिथे गर्दी झाली, आता इकडे चला' हे ऐकलं की मला धास्ती वाटते. पक्षी बघायचे असतील, चांगपांचं जगणं समजून घ्यायचं असेल, हाताशी निवांत दिवस असतील, तर इकडे या. नुसता सरोवरासोबतचा फोटो हवा असेल तर पँगाँग पुरेसं आहे.

इथे माणसं राहतात का? काय करतात?

राहतात. कोरझोक हे जगातल्या सर्वांत उंचावरच्या कायम वस्तीच्या गावांपैकी एक मानलं जातं. गावाखाली सातूची छोटी शेतं आहेत. पण हा प्रदेश मुळात चांगपा पशुपालकांचा. रुपशूच्या परिसरात त्यांचे तीन मुख्य समूह आहेत, कोरझोक, सामद आणि खारनाक. याक, मेंढ्या आणि चांगथांगी शेळ्या घेऊन ते वर्षभर ठरलेल्या कुरणांवरून फिरतात. कुठल्या कुरणावर कधी जायचं, कुणी कुठे तंबू टाकायचा, हे गोबा, म्हणजे समूहाचा मुखिया, सगळ्यांशी बोलून ठरवतो. याकच्या केसांचा काळा तंबू, 'रेबो', आता कमी दिसतो. त्याची जागा पांढऱ्या कापडी तंबूंनी घेतली आहे.

या शेळ्यांची लोकर म्हणजे पश्मिना. हिवाळ्यात पारा उणे 30 च्याही खाली जातो, त्या थंडीत शेळीच्या लांब केसांखाली मऊ लव वाढते. उन्हाळा लागताना ती आपोआप सुटू लागते. तेव्हा शेळीचे पाय बांधून तिला कुशीवर निजवतात आणि लांब दातांच्या लोखंडी फणीने मानेपासून पोटाकडे विंचरतात. फणीच्या दातांत राखाडी-पांढरा पुंजका अडकत जातो, मध्येच राठ केस, काटे, वाळलेली लेंडी. एका शेळीमागे वर्षाला पाव किलोच्या आसपास कच्ची लोकर निघते, आणि साफ केल्यावर त्यातली निम्म्याहून कमी उरते. मुंबई-पुण्याच्या दुकानात शालीची किंमत ऐकून चमकणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

पश्मिन्याला भाव आला तशा याक-मेंढ्या कमी होऊन शेळ्या वाढल्या, आणि कुरणांवरचा ताणही वाढला. त्यात उशिराची हिमवृष्टी झाली की गवत बर्फाखाली गाडलं जातं. 2013 च्या सुरुवातीला तशीच बर्फवृष्टी झाली आणि चांगथांगात हजारो शेळ्या उपासमारीने मेल्या. शिक्षण आणि दवाखान्यासाठी बरीच कुटुंबं लेहकडे सरकली आहेत. खारनाकच्या बहुतेकांनी तर लेहजवळ खारनाकलिंग नावाची वस्तीच केली. ते वाईट झालं असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, पण कुरण वाचणारी माणसं गेली की कुरणाचं काय होतं हा प्रश्न उरतोच.

सरोवर पवित्र का मानतात?

लडाखी श्रद्धेनुसार डोंगरावर 'ल्हा' म्हणजे देव राहतात आणि पाण्यात, झऱ्यांत, ओल्या मातीत 'लू' राहतात. लू हे नागांसारखे. झरा घाण केला, पाण्याकाठची जमीन उगाच खणली की ते कोपतात आणि आजार येतो, असं मानतात. डोहातल्या साती आसरांना नारळ देऊनच पाण्यात उतरणाऱ्या आपल्या खेड्यांतल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

ही श्रद्धा नुसती गोष्टीत राहिलेली नाही. 2000 साली कोरझोकच्या लोकांनी त्सो मोरीरी हे 'सजीव पृथ्वीसाठी पवित्र भेट' म्हणून जाहीर केलं. वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या संस्थेच्या उपक्रमात त्यांनी सरोवर जपण्याचा शब्द दिला. 2002 च्या ऑगस्टमध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. म्हणजे सरकारी शिक्का बसण्याआधी गावाने आपला शब्द दिलेला होता. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

कोरझोकचा मठ आणि उत्सव कसा असतो?

मठ तिबेटी बौद्ध धर्मातल्या द्रुक्पा परंपरेचा आहे. उन्हाळ्यात, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, तिथे दोन दिवस 'कोरझोक गुस्तोर' होतो. लामा मुखवटे घालून 'छम' नृत्य करतात आणि शेवटी 'स्तोरमा'चे, म्हणजे विधीसाठी केलेल्या पिठाच्या आकृतीचे, तुकडे करून दुष्टाचा नाश झाल्याचं मानतात. दूरच्या कुरणांवरचे चांगपा यावेळी एकत्र येतात, लग्नं ठरतात, देणीघेणी होतात. तिथी तिबेटी पंचांगाने ठरते म्हणून तारीख दरवर्षी बदलते. जायचं तर कडेला बसा. नाचणाऱ्याच्या अंगावर कॅमेरा घेऊन जाऊ नका, आणि म्हाताऱ्या बायकांच्या पेराकचे, म्हणजे फिरोजा जडवलेल्या शिरोभूषणाचे, फोटो त्यांना विचारून घ्या.

कोणते पक्षी दिसतात? महाराष्ट्रातल्या पक्ष्यांशी काही संबंध आहे का?

आहे, आणि हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे.

हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी, उजनी किंवा वीर धरणाच्या काठी पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे आडवे पट्टे असलेले हंस तुम्ही पाहिले असतील. ते पट्टकादंब. उन्हाळ्यात हे मध्य आशियात आणि तिबेटच्या पठारावर वीण करतात, आणि भारतात त्यांची वीण होते ती लडाखच्या या सरोवरांवर. त्सो मोरीरी त्यांतलं मुख्य. हिमालय ओलांडताना ते सात हजार मीटरच्या वरही उडाल्याची नोंद आहे. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला उचलतं. तुमच्या गावच्या तलावावरचा एखादा थवा नेमका त्सो मोरीरीचाच आहे असं म्हणता येत नाही, मंगोलियातले पट्टकादंबही आपल्याकडे येतात. पण घराणं एकच.

चक्रवाकही तसाच. उजनीवर जोडीने दिसणारा हा नारिंगी रंगाचा पक्षी उन्हाळ्यात लडाखला कपारींत अंडी घालतो. भिक्षूंच्या वस्त्रासारखा रंग, म्हणून बौद्ध लोक त्याला मान देतात. आपल्याकडे कवींनी त्याला रात्री विरहात बसवलं. तिसरा पाहुणा म्हणजे तपकिरी डोक्याचा कुरव. तो त्सो मोरीरीच्या बेटांवर घरटी करतो आणि हिवाळ्यात समुद्रकिनारी येतो. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे कुरव उडतात ना, त्या गर्दीत तोही असतो. तेव्हा डोकं पांढरट झालेलं असतं, कानामागे फक्त एक गडद ठिपका.

आणि काळ्या मानेचा क्रौंच. हा मात्र आपल्याकडे येत नाही. त्याची वीण तिबेटच्या पठारावर होते आणि भारतात फक्त लडाखच्या या दलदलींत. लडाख केंद्रशासित प्रदेशाचा तो राज्यपक्षी आहे. जोडी एका हंगामात एक किंवा दोन अंडी घालते. त्यातलं एक पिल्लू जगलं तरी पुष्कळ.

त्या पिल्लांना सर्वांत मोठा धोका कशाचा?

कुत्र्यांचा.

हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, पण चांगथांगात पक्ष्यांवर काम करणारे सगळे हेच सांगतात. छावण्या, तंबू, ढाबे यांचं उरलेलं अन्न उघड्यावर पडतं. त्यावर कुत्री पोसली जातात, त्यांची संख्या वाढते. ऑक्टोबरमध्ये पर्यटक जातात, अन्न थांबतं, कुत्री मात्र तिथेच राहतात. पुढच्या मे-जूनमध्ये हीच टोळकी दलदलीत शिरून क्रौंचांची आणि हंसांची अंडी खातात, न उडणारी पिल्लं धरतात. चांगपांच्या कोकरांवरही हल्ले होतात. तेव्हा तंबूमागे 'गरीब बिचाऱ्या कुत्र्याला' टाकलेली अर्धी पोळी पुढच्या वर्षी कुणाच्या घरट्यावर जाते, ते लक्षात ठेवा.

फ्यांना बिस्किटं घालतात, त्यात काय वाईट?

फ्या म्हणजे मार्मोट, जाडजूड खारीसारखा प्राणी. रस्त्याकडेला बिळातून उभा राहून बघतो, फार गोड दिसतो. हिवाळ्याचे कित्येक महिने तो बिळात झोपून काढतो आणि त्यासाठी गवत-मुळं खाऊन चरबी साठवतो. बिस्किटं आणि वेफर्स खाऊन ती नीट साठत नाही, शिवाय तो रस्त्यावर येऊन गाड्यांखाली सापडतो. घालू नका.

पर्यटनाने खरोखर एवढं नुकसान होतं का? गावाला पैसेही मिळतात की.

मिळतात, आणि मिळायलाच हवेत. 2002 च्या रामसर नोंदीत इथे उन्हाळ्यात सुमारे 2,500 पर्यटक येतात असं लिहिलं होतं. तेव्हापासून काळ बराच बदलला. 2022 साली लडाखला पाच लाखांहून जास्त पर्यटक आले. लडाखची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार पावणेतीन लाखांच्या आत. हे सगळे त्सो मोरीरीला जात नाहीत हे खरं, पण ओघ कुठल्या दिशेने आहे ते दिसतं.

सगळ्यात जास्त त्रास फ्लशच्या संडासाने होतो, असं माझं मत आहे. लडाखी घरातला जुना संडास माडीवर असतो. खोलीत मातीचा ढीग, जमिनीला चौकोनी भोक, कोपऱ्यात फावडं. काम झालं की दोन फावडी माती ढकलायची. खालच्या खोलीत सगळं कोरडं होत राहतं आणि वसंतात ते खत सातूच्या शेतात जातं. पाणी लागत नाही, वास येत नाही. वाळवंटासाठी यापेक्षा शहाणी रचना मला माहीत नाही. पण पाहुण्यांना फ्लश हवा, गरम पाण्याची आंघोळ हवी, म्हणून तंबूवाले झऱ्याचं पाणी ओढतात आणि खड्डे खणतात. ते पाणी झिरपून कुठे जातं, ते वर सांगितलंच आहे.

तेव्हा गावातल्या घरात, होमस्टेत राहा. कोरडा संडास वापरा. एक दिवस आंघोळ चुकली तर चुकू द्या, नाहीतरी त्या उंचीवर लगेच आंघोळ करणं प्रकृतीलाही चांगलं नाही. प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ नका. जो कचरा तुमच्यामुळे होईल तो पिशवीत भरून लेहला परत आणा, कोरझोकच्या डब्यात टाकून मोकळे होऊ नका.

गाडी काठापर्यंत नेता येते का?

नेऊ नका. तिथलं गवत वर्षातून दोन-तीन महिनेच वाढतं. ओल्या कुरणावर उमटलेली चाकोरी कित्येक वर्षं दिसत राहते आणि तेवढी जागा शेळ्यांसाठी गेली. त्याच गवतात पक्ष्यांची घरटी असतात, जमिनीवर, सहसा न दिसणारी. 2022 मध्ये पँगाँगच्या पाण्यात गाडी घालून, टेबल मांडून दारू पिणाऱ्यांचा व्हिडिओ फिरला तेव्हा लडाखभर संताप झाला होता. तो अगदी रास्त होता.

ड्रोनही नको. सीमाभाग आहे, आणि विणीच्या काळात डोक्यावर ड्रोन घरघरला की पक्षी अंड्यांवरून उठतात.

हवामानबदलाचा परिणाम दिसतो का?

लडाखमधल्या छोट्या हिमनद्या आटत चालल्या आहेत, हे निश्चित. कोंडलेल्या सरोवराचं गणित मात्र सरळ नसतं. बर्फ जास्त वितळलं की काही काळ पाणी वाढतं. तिबेटच्या पठारावरची अनेक सरोवरं गेल्या काही दशकांत अशीच पसरली आणि काठची कुरणं पाण्याखाली गेली. पुढे बर्फच उरलं नाही की उलट व्हायचं. पक्ष्यांना दोन्ही बाजूंनी फटका. पाणी चढलं तर घरट्यांची सखल बेटं बुडतात, उतरलं तर बेटं काठाला जोडली जातात आणि कुत्री चालत पोचतात.

सौरऊर्जा प्रकल्पाबद्दल ऐकलं. तो या सरोवरावर आहे का?

सरोवरावर नाही. चांगथांगातल्या पांग भागात 13 गिगावॅटच्या अक्षय ऊर्जा प्रकल्पाची योजना आहे आणि त्याच्या पारेषण वाहिन्यांना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी दिली. ती मैदानं चांगपांची चराई आहेत. कोळशापेक्षा सूर्य बरा, यात मला शंका नाही. पण नकाशावर 'ओसाड' लिहिलेली जमीन कुणाच्या तरी हिवाळ्याची बेगमी असते. आधी त्यांच्याशी बसून बोलणी व्हायला हवीत. 2024 च्या मार्चमध्ये सोनम वांगचुक यांनी लेहमध्ये 21 दिवसांचं उपोषण केलं, तेव्हा लडाखींच्या इतर मागण्यांबरोबर हा मुद्दाही पुढे आला होता.

कधी जावं, आणि तब्येतीचं काय?

जून ते सप्टेंबर. पक्ष्यांसाठी जूनचा शेवट आणि जुलै उत्तम, तेव्हा पट्टकादंबांची पिल्लं आईमागे रांगेत पोहताना दिसतात. दुर्बीण न्या आणि दुरूनच बघा.

प्रकृतीबाबत मी कडक सांगतो. विमानाने लेहला, म्हणजे 3,500 मीटरवर उतरल्यावर किमान दोन पूर्ण दिवस विश्रांती घ्या, आणि त्सो मोरीरी सहलीच्या शेवटाकडे ठेवा. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 55 ते 60 टक्केच असतो. डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं तर सकाळची वाट बघू नका, लगेच खाली निघा. हृदयाचा, फुप्फुसाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बेत करू नये. गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून नाही.

परवान्याचे आणि पर्यावरण शुल्काचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी लेहमध्ये चौकशी करा. मूळ ओळखपत्र जवळ असू द्या.

मला जाणं जमणार नाही. इथे राहून काही करता येईल का?

येईल. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत जवळच्या पाणवठ्यावर पट्टकादंब आणि चक्रवाक मोजा आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा, तारीख आणि संख्येसह. एखाद्याच्या मानेत अक्षरं-आकडे असलेला रंगीत पट्टा दिसला तर फोटो काढा, पट्ट्याचा रंग आणि अक्षरं लिहून घ्या आणि मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. तो पक्षी कुठून आला हे अशाच नोंदींतून कळतं. पट्टकादंब रात्री आणि पहाटे शेतात उतरून हरभऱ्या-गव्हाचे कोंब खातात, त्यामुळे धरणाकाठचे काही शेतकरी वैतागलेले असतात. त्यांच्याशी बोला, नुकसान ऐकून घ्या, गरज पडली तर वनखात्याकडे अर्ज करायला मदत करा. आणि मांडव्याच्या लाँचवर कुणी कुरवांना फरसाण उधळत असेल तर त्याला थांबवा.